उष्टी नळी

ता. ३ नोव्हेंबर

चि. विसराळू फुंकणीस,
आजीचे ढीगभर आशीर्वाद. वि. वि.

तुला एक आजी आहे, तिला दात कमी आणि राग जास्त आहे, आणि ती अजून जिवंत आहे, एवढं कळवायला हे पत्र. तुझं मागचं पत्र आलं तेव्हा दारातल्या झाडाला पानं होती. आता एक उरलेलं नाही. तू म्हणशील, फोन केला होता की. केला होतास, पण मला फोनवर नुसती खरखर ऐकू येते. त्या खरखरीला मी दोनदा हो म्हटलं, कशाला म्हटलं ते तूच कळव. म्हणून पत्र लिही. मला अक्षर येत नाही, पण पत्र चार वेळा वाचून घेता येतं. खरखर घेता येत नाही.

नेहमीप्रमाणे मी बोलतेय आणि तुझी आई लिहितेय. मध्येच ती पेन थांबवून माझ्याकडे बघते. म्हणजे मी काहीतरी खरं बोललेली असते.

घरची खबर अशी की माझा ओठ पुन्हा फुलला. दर हिवाळ्यात येतात तेच फोड, डाव्या कोपऱ्यात, पाहुण्यांनी ठरलेली खुर्ची धरावी तसे. तू गेल्या वर्षी पाठवलेला मलम होता, पण त्याची कथा ऐक. मला नावं वाचता येत नाहीत म्हणून मी नळकांड्यांना दोरे बांधते हे तुला माहीत आहे. ओठाच्या मलमाला दोन गाठी, गुडघ्याच्या मलमाला तीन. तुझ्या आईने कपाट आवरलं आणि दोरे कचरा म्हणून काढून टाकले. परिणामी गुडघ्याचा मलम ओठाला लागला. मी घरभर फिरून तीन तांबे पाणी तोंडावर मारलं. ओठाचा मलम गुडघ्याला लागला, तेव्हा माझ्या गुडघ्याला यंदा फोड येणार नाहीत याची खात्री बाळग.

आता मुद्द्याचं. तुझी आई म्हणते, फोनवर तुझा आवाज बसला होता आणि तू खोलीत एकटी जेवतेस. तू रांगायच्या आधी फुंकायला लागलीस. दूध फुंकलंस, दिवा फुंकलास, माझी पिठाची परात फुंकून मला पांढरी केलीस, म्हणून तर फुंकणी. पुढे आजोबांनी जिथे तीस वर्षं काच फुंकली त्याच कारखान्यात, त्याच भट्टीवर जाऊन उभी राहिलीस. अशी पोरगी एकटी जेवते म्हणजे काहीतरी तडकलंय. काच तडकली असेल तर सांगू नकोस. दुसरं काही असेल तर लगेच लिही.

तरी आता पुरे झाले. भट्टीचे काम सोडून तू घरी परत यावेस. मुलीच्या जातीला ते काम झेपणारे नाही.

लोभ आहेच, पण तो उपाशी ठेवू नकोस. त्याला पत्र लागतं.

तुझी,
आजी


ता. ७ नोव्हेंबर

ती. आजीस,
वाकून आणि ओठ झाकून नमस्कार. वि. वि.

ओठ झाकून, कारण तडकलंय ते तिथेच. तू खरखरीला हो म्हटलंस तेव्हा मी विचारत होते, ओठाचे फोड आल्यावर तू काय करतेस. दुसऱ्यांदा विचारलं, बरे होतात ना. तेव्हा दोन्ही उत्तरं तशी उपयोगाची नव्हती.

आमच्या टोळीत पाच जण. एक जण लांब लोखंडी नळीचं टोक वितळलेल्या काचेत बुडवून गोळा उचलतो आणि पहिली फुंक देतो. मग तीच नळी दुसऱ्याच्या तोंडी, तिसऱ्याच्या तोंडी, अशी फिरत जाते आणि शेवटची फुंक उस्तादांची. काच थंड व्हायच्या आत हे सगळं उरकायचं, तोंड पुसायला सवड नसते. एकाची उष्टी नळी दुसऱ्याच्या ओठी, यालाच इथे टोळी म्हणतात. नवा माणूस घेतला की उस्ताद स्वतःच्या ओठाची नळी काढून त्याच्या हातात देतात. मला दिली त्या दिवशी मी खोलीवर येऊन आनंदाने रडले होते. तुला सांगितलं नव्हतं.

गेल्या महिन्यात एका सकाळी खालच्या ओठाला चुणचुण सुटली आणि दुसऱ्या दिवशी पाण्याच्या फोडांचा झुबका. डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्या म्हणाल्या, हा एक विषाणू आहे. बहुतेकांना तो लहानपणीच लागतो, मुक्याने, नाहीतर उष्ट्या भांड्याने. एकदा शिरला की आयुष्यभर मुक्काम. गप्प पडून असतो आणि ताप, थकवा, कडक ऊन, गार वारा, मनाची ओढाताण, असं काही झालं की वर येतो. मुळापासून जात नाही, पण आवरता येतो. चुणचुण सुटली की त्याच घडीला मलम, दिवसातून पाच वेळा, चार-पाच दिवस. चोळायचा नाही, टेकवायचा. हात आधीही धुवायचे आणि नंतरही. खपली ओढायची नाही, तो हात डोळ्याला लावायचा नाही. उन्हात जाताना ओठाला ऊन अडवणारा मलम लावायचा. कप, टॉवेल वेगळा. दहा दिवसांत बरं झालं नाही तर परत या म्हणाल्या. आणि मुख्य म्हणजे चुणचुणीपासून खपली पडून कातडी साफ होईपर्यंत तो दुसऱ्याला लागू शकतो. कधीकधी तर ओठावर काही दिसत नसतानाही लागतो.

हे ऐकून मी लपवलं नाही, हीच माझी चूक म्हणायची. टोळीला सरळ सांगितलं की मी आज नळीला तोंड लावणार नाही, आणि एरवीही प्रत्येकाला नळीच्या तोंडाशी बसवायला आपापली आरपार भोकाची टोपी असावी. काढली, घातली, एका क्षणाचं काम. उस्ताद म्हणाले, ज्याला टोळीचं उष्टं चालत नाही त्याची टोळी नव्हे. मी म्हटलं, मला चालतं, माझं तुम्हाला चालू नये. तर म्हणाले, हा रोग भट्टीवर तू आणलास. मागच्या हिवाळ्यात टोळीतल्या दोघांच्या ओठावर मी खपल्या पाहिल्या होत्या, पण ती म्हणे भट्टीची धग. त्यांची धग आणि माझा रोग. गोळा उचलणारा तर सगळ्यांदेखत म्हणाला, मुलीच्या ओठाला असलं कशाने होतं ते काय आम्हाला कळत नाही. सगळे हसले. उस्ताद हसले नाहीत, पण त्याला गप्पही केलं नाही.

आता मी पॅकिंगच्या खोलीत आहे. दुसऱ्यांनी फुंकलेले पेले कागदात गुंडाळते. अठ्ठावीस तारखेला कारागिराची परीक्षा. टोळीकडून नळी घेऊन शेवटची फुंक आपण द्यायची आणि सुरई पुरी करायची. त्या दिवशी भट्टीवर नाव नसेल तर संधी थेट पुढच्या वर्षी, आणि पॅकिंगमधून पुन्हा भट्टीवर गेलेलं कुणी मी ऐकलेलं नाही.

या सगळ्यापेक्षा मला लागलं ते तुझ्या पत्रातलं शेवटचं. घरी परत ये, मुलीच्या जातीला झेपणार नाही, हे तू म्हणावंस? नाही येणार, आजी. राग धर हवा तर. पेले गुंडाळीन पण परत येणार नाही.

गुडघ्याची काळजी घे, ओठाची त्याहून जास्त.

तुझीच,
फुंकणी


ता. ११ नोव्हेंबर

चि. फुंकणीस,
आजीचे आशीर्वाद, आणि या खेपेला एक माफी. वि. वि.

परत ये असं मी कधी म्हटलं? तुझं पत्र वाचता वाचता तुझी आई त्या ओळीपाशी घसा खाकरून पुढे सरकली. खोकला एवढ्या नेमक्या जागी येत नाही. मी पत्र उचललं आणि शेजारच्या शिंपीणबाईंकडे नेलं. त्यांनी कात्री खाली ठेवून सगळं सरळ वाचलं. मी घरी आले आणि तुझ्या आईसमोर बसून तिच्याकडे नुसती बघत राहिले. तिने दोनदा चहा विचारला, मग रडली, मग कबूल झाली. वीस वर्षं माझ्या तोंडचं लिहितेय, त्यात पहिल्यांदा आपलं माझ्या तोंडात घातलं. आता हे लिहिताना तिचं नाक लाल आहे, आणि तेही मीच लिहायला लावलंय. यापुढे प्रत्येक पत्र शिंपीणबाई मला वाचून दाखवणार, मगच पाकीट बंद.

(मी लिहिलं होतं. तुझ्या आवाजाने धीर सुटला माझा. आईंचा त्यात काही दोष नाही. – आई)

बरं. आता तुझ्या डॉक्टरीणबाईंचं वाचल्यापासून मी दोन दिवस झाडूला हात लावला नाही, त्यामुळे घरात सगळे घाबरले. मला वाटायचं, झोपेत झुरळ चाटून जातं म्हणून ओठ फुलतो. कित्येक वर्षं मी झुरळांच्या मागे झाडू घेऊन धावले. त्या बिचाऱ्यांचा काही संबंध नव्हता. तुझ्या आजोबांना दर हिवाळ्यात यायचं, त्याच भट्टीवर, तीच नळी. लग्नाच्या पहिल्या वर्षी ते माझ्याकडे आलं. कसं आलं ते तुझी आई लिहायला लाजतेय, तेव्हा समजून घे.

आणि तू दोन वर्षांची असताना गाल सोडून ओठांचे मुके घेणारी कोण होती? मी. डाव्या कोपऱ्यात फोड असताना सुद्धा. कुणी सांगितलं नाही, मला कळलं नाही. पण तुझ्या ओठावर जे आहे ते माझं आहे, पोरी. मला त्याचं वाईट वाटतं. तुला मात्र त्याची लाज वाटता कामा नये. तो गोळा उचलणारा विचारतो ना, मुलीच्या ओठाला कशाने होतं? त्याला सांग, आजीच्या मुक्याने. मोठ्याने सांग. आणि माझ्या मुक्यात ते कुठून आलं म्हणून विचारलं, तर त्यांच्याच नळीतून आलं म्हणावं. तू भट्टीवर काही आणलेलं नाहीस. भट्टीनेच ते दोन पिढ्या फिरवून तुझ्या ओठावर परत पाठवलंय.

तुझा उस्ताद मला आजचा नाही. टोळीत सगळ्यात धाकटा होता तेव्हा आमच्याकडे यायचा, ओठ सुजलेला, काही चावता येत नाही म्हणून. मी त्याला दुधात पाव भिजवून द्यायचे. पुढे त्याने मिशी वाढवली, अशी की वरचा ओठ दिसेना. सगळे म्हणाले, रुबाब. तो रुबाब कशावर पांघरलेला आहे ते मला माहीत आहे. हे टोळीत बोलू नकोस. मी कुणाला न सांगण्याचं कबूल केलं होतं. तुला सांगितलं ते आपलं घरातलं घरात.

आणखी एक. तुझ्या आजोबांना कळत नसूनही कळत होतं. ओठ फुलला की ते नळीला एक लाकडी टोपी लावायचे, कातारी मित्राकडून करून घेतलेली. मी तिला लाल दोरा बांधून दिला होता, दुसऱ्या कुणी चुकून लावू नये म्हणून. टोळी हसायची. ते हसू देत. ती टोपी माझ्या पेटीत आहे. ती आणि सोबत एक पत्र तुझ्या उस्तादाला धाडावं असं मनात आहे.

धीर सोडू नकोस. सोडलास तर मी स्वतः येऊन भट्टीसमोर खुर्ची टाकून बसेन.

तुझी आणि फक्त स्वतःच्याच शब्दांची,
आजी


ता. ११ नोव्हेंबर

चि. उस्तादास,
आशीर्वाद. वि. वि.

आता तुला अहो-जाहो करणारे पुष्कळ आहेत, म्हणून मी अरे-तुरेच करते. ओळख पटावी म्हणून सांगते, दुधात भिजवलेला पाव. पटली असेल.

सोबतची टोपी बघ. दोरा काळा पडलाय, पण लालच आहे तो. ही ज्याची होती तो ओठ फुलला की ती लावायचा, कारण धाकट्याला लागू नये असं त्याला वाटायचं. धाकटा म्हणजे तू. उशीर झाला होता की नव्हता, कुणाचा कुणाला लागला, ते आता काचेलाच ठाऊक. मी तुला दोष देत नाही. तेव्हा कुणालाच कळत नव्हतं. आता एका पोरीने विचारून, समजून घेऊन येऊन सांगितलं, तर तू तिला पेले गुंडाळायला बसवलंस. हा दोष मात्र देते.

तुझी गोष्ट मी चाळीस वर्षं पोटात ठेवली. घरच्या दोघी आणि माझी पत्रं तपासणारी शेजारीण सोडून आजही कुणाला सांगितलेली नाही, आणि कारखान्यात माझ्याकडून जाणार नाही. तूच सांगायचीस तर सांग. नाही सांगितलीस तर तुझी मिशी तुला लखलाभ. पण जी गोष्ट तुझ्या ओठावर धग असते ती तिच्या ओठावर रोग कशी होते, याचं उत्तर आरशासमोर उभं राहून स्वतःला दे.

नातीची ओळख लावतेय असं समजू नकोस. परीक्षेत ती चुकली तर खुशाल नापास कर. पण भट्टीसमोर उभी करून कर.

जुना लोभ जागा असेल तर तो ठेव,
टोपीवाल्याची बायको


ता. १४ नोव्हेंबर

ती. आजीस,
दोन्ही हात धुऊन नमस्कार. वि. वि.

तुझं पत्र मी चारदा वाचलं, आणि आजीच्या मुक्याने हे वाचून पॅकिंगच्या खोलीत एकटीच हसत बसले. हसल्यावर ओठाची नुकती भरलेली कातडी ताणली आणि रक्त आलं, तेव्हा पुढचा विनोद आठ दिवसांनी कर.

पण आजी, उस्तादांना पत्र पाठवू नकोस. टोपी मला हवी आहे, पत्र मात्र नको. एक तर लोक म्हणतील, आजीने रडून जागा मिळवून दिली. दुसरं म्हणजे त्यांच्या मिशीखाली काय आहे ते काढून मी जिंकले, तर त्यांनी माझ्या ओठाचं केलं तेच मी त्यांच्या ओठाचं केलं असं होईल. त्यांची मिशी त्यांच्यापाशी. मला भट्टी हवी आहे, तीही आपल्या पायांनी चालत जाऊन.

मी हातावर हात ठेवून बसलेली नाही. बाजारामागे एक कातारी आहे, लाटणी आणि खुंट्या करतो. त्याच्याकडून पाच टोप्या करून घेतल्या, नळीच्या तोंडावर घट्ट बसणाऱ्या. तुझी दोऱ्यांची युक्ती वापरली: पाच टोप्या, पाच रंग. कामावर जाताना पाचही घेऊन जाते आणि भट्टीच्या दारातल्या खिळ्याला टांगते. संध्याकाळी कुणीतरी काढून कोपऱ्यात टाकलेल्या असतात. मी उचलते, उकळत्या पाण्यातून काढते आणि सकाळी पुन्हा टांगते. चार-पाच दिवस हेच चाललंय. न बोलता भांडण.

काल पहिल्यांदा चारच सापडल्या. निळ्या दोऱ्याची गेली. आज दुपारी टोळीतला चष्मेवाला पॅकिंगच्या खोलीत आला, दार लावून घेतलं. त्याच्या घरी तीन आठवड्यांचं बाळ आहे आणि मागच्या हिवाळ्यात खपली आलेल्या दोघांतला तो एक. मला विचारलं, बाळाला काही होतं का. डॉक्टरीणबाईंनी मला बजावलं होतं तेच मी सांगितलं. मोठ्यांना नुसता फोड, पण एवढ्याशा बाळाला हा विषाणू जिवावर बेतू शकतो. ओठावर काही असताना मुका घ्यायचा नाही म्हणजे नाही, आणि बाळाला ताप किंवा फोड दिसला तर घरी बसून वाट बघायची नाही, तडक दवाखाना. तो बराच वेळ चष्मा पुसत राहिला. निळी टोपी त्याच्या खिशात होती.

तेव्हा एक तर झाला. पत्र मात्र थांबव.

तुझी,
फुंकणी


ता. १७ नोव्हेंबर

चि. फुंकणीस,
घाईचे आशीर्वाद. वि. वि.

गेलं पत्र. टोपीसकट. तू थांबव म्हणून लिहिलंस त्याच्या तीन दिवस आधी. मी टपालपेटीपाशी जाऊनही पाहिलं, फटीतून हात मनगटापर्यंतच जातो. तुझी आई साक्षीला आहे, कारण तो बाहेर काढायला तिला बोलवावं लागलं.

तू म्हणतेस ते बरोबर आहे. मी तुला म्हटलं होतं मनात आहे, आणि मनातलं त्याच दिवशी पेटीत टाकून आले. शिंपीणबाई म्हणाल्या होत्या, पोरीला विचारा. मी म्हटलं, मी तिची आजी आहे. हे उत्तर आहे असं तेव्हा वाटलं होतं.

पण धमकी एकही घातलेली नाही, तुझ्या आईची शपथ. त्याने काही केलं तर ते त्याचं. तू आपल्या टोप्या टांगत राहा.

रागावलीस तरी लोभ मोडायचा नाही. तो काचेचा नाही.

आजी


ता. २९ नोव्हेंबर

ती. आजीस,
कालच्या दिवसाचा नमस्कार. वि. वि.

मी रागावले होते. बारा दिवस लिहिलं नाही ते त्यामुळेच, विसरल्यामुळे नाही, नोंद घे. उस्ताद या बारा दिवसांत काही बोलले नाहीत. फक्त माझ्या टोप्या संध्याकाळी कोपऱ्यात सापडेनाशा झाल्या, खिळ्यालाच राहू लागल्या. आणि सव्वीसला फळ्यावर परीक्षेच्या यादीत खाली माझं नाव होतं.

काल सकाळी उठले आणि ओठाला चुणचुण. आधी रडू आलं. मग हात धुतले, मलम टेकवला, पुन्हा हात धुतले आणि निघाले. वाटेत वाटलं, आज काही दिसत नाहीये, बोलू नये. कुणाला कळलंही नसतं. भट्टीसमोर उभी राहिले, सगळे जमले होते, मालकही. मी सांगितलं की आज माझा ओठ चुणचुणतोय, म्हणून हिरव्या दोऱ्याची टोपी माझी, तिला कुणी हात लावू नये, आणि टोप्या लावणार असाल तरच मी नळी घेईन. परीक्षा गेली तर जाऊ दे.

गोळा उचलणाऱ्याने पुन्हा तेच पुटपुटलं, मुलीच्या ओठाला कशाने होतं म्हणून. मी तयारच होते. म्हटलं, “आजीच्या मुक्याने.”

तेवढ्यात उस्ताद पुढे आले. गळ्यातला मफलर नाकापर्यंत होता, तो त्यांनी सोडला. मिशी नव्हती. साफ. वरच्या ओठावर जुनी पांढरी खूण आणि तिच्या शेजारी ताजी खपली. मिशीशिवाय त्यांचं तोंड इतकं लहान दिसत होतं की मला बघवेना. त्यांनी खिशातून आजोबांची टोपी काढली, नळीवर बसवली आणि एवढंच म्हणाले, “हे मला चाळीस वर्षं आहे. भट्टीने नाही दिलं. नळीने दिलं.” मग गोळा उचलणाऱ्याकडे वळून, त्याची टोपी पिवळ्या दोऱ्याची आहे, लाव आणि कामाला लाग, म्हणाले. त्याने लावली.

पहिली सुरई गेली. टोपी बदलायला जो क्षण लागतो तो माझ्या अंदाजात नव्हता, काच थंड पडली आणि मानेपाशी तडकली. दुसरी उचलली. चष्मेवाल्याने निळी काढली, मी हिरवी बसवली, फुंकलं. उभी राहिली, आजी. मान जरा डावीकडे कलली आहे. उस्तादांनी उजेडात धरून बराच वेळ पाहिली, म्हणाले मान वाकडी आहे, आणि टोपीचा वेळ धरून फुंकायला आता सगळ्यांनाच नव्याने शिकावं लागेल, त्यांना धरून. मग म्हणाले, सोमवारपासून भट्टीवर. कारागीर म्हणून.

नव्याला स्वतःच्या ओठाची नळी देतात ना, तसं त्यांनी मला पुन्हा नळी दिली. फक्त या खेपेला आधी आपली टोपी काढून घेतली, नळीचं तोंड पुसलं आणि मग पुढे केली. मी रडले नाही. चष्मेवाला रडला.

तू पत्र पाठवायला नको होतंस. पाठवलंस ते बरं झालं. दोन्ही खरं आहे.

तुझी,
फुंकणी


ता. ३ डिसेंबर

चि. कारागीर फुंकणीस,
आजीचे आशीर्वाद, दुरून. वि. वि.

दुरून, कारण कालपासून डाव्या कोपऱ्यात पुन्हा चुणचुण आहे. पण यंदा दोन गाठींचं नळकांडं बरोबर हाताशी होतं. दोरे तुझ्या आईने स्वतः बांधलेत, आणि माझ्या कपालाही एक बांधलाय, लाल. मी म्हटलं, मला वाळीत टाकतेस का. ती म्हणाली, आई, हिरव्या दोऱ्याचा माझा आहे, तोही तुम्ही वापरायचा नाही. आता आम्ही दोघी आपापल्या दोऱ्याचा चहा पितो.

तुझं पत्र शिंपीणबाईंनी वाचलं. मिशीपाशी आल्यावर तेवढं मी त्यांना पुन्हा वाचायला लावलं. मला हसू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. त्याचं तोंड लहान दिसत होतं असं तू लिहिलंस, ते मला आठवतं. तेवढंच होतं ते, आमच्या ओसरीवर पावाचा तुकडा दुधात बुडवताना. चाळीस वर्षं बिचाऱ्याने केस राखून ते लपवलं. यापुढे त्याला कुणी हसलं तर तू हसणाऱ्याकडे बघ. माझ्यासारखं बघ. तुला येतं ते.

टोपी त्याच्याकडेच राहू दे. पेटीत ती नुसती पडून होती.

वाकड्या मानेची सुरई मात्र मला हवी. सरळ मानेच्या दुकानात मिळतात.

(भट्टी सोडू नकोस. हे आईंनी सांगितलेलं नाही, माझ्या मनाने लिहितेय. – आई)

शिंपीणबाई म्हणतात, मी न बोललेली एक ओळ वर आली आहे. वाचायला लावली. राहू दे.

सुरईबरोबर खाऊ पाठव. आंबट, खारट काही नको, ओठाला झोंबतं. तुमच्या बाजारातली नासपती पाठव, पिकलेली, दात नसलेल्याला चालेल इतकी मऊ. आणि त्यातल्या दोन उस्तादाला नेऊन दे, सोबत पाव आणि दूध. त्याला म्हणावं, आजीने पाठवलंय, आता उघड्यावर बसून खा. फक्त वाटी त्याची त्याला वेगळी दे.

आजी